पाण्याची हिशेबपट्टी

(२२ मार्च हा दिवस जागतिक जलदिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यातील एका शाळेत, त्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेले हे भाषण आहे. लेखक व्यवसायाने अभियंता असून त्यांची तीस वर्षांची नोकरी संयुक्त अरब अमिरातीत झाली. पाणी, जमीन, अन्न, कचरा आणि वीज यांची खरी किंमत कोण मोजतो, याविषयी त्यांनी स्वतःच्या अनुभवांतून सांगितले आहे.)



आपल्या भाषेत 'पाण्यासारखा पैसा खर्च करणे' असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ 'उधळपट्टी करणे' असा तुम्ही परीक्षेत लिहिता आणि पूर्ण गुण मिळवता. ज्या कोणी हा वाक्प्रचार प्रथम वापरला, त्याच्या गावाला बारमाही नदी असली पाहिजे. मी ज्या देशात तीस वर्षे काढली तेथे हा वाक्प्रचार जन्मालाच आला नसता. तेथे पैसा खर्च केल्याशिवाय पाण्याचा थेंब दिसत नाही.

मी याच शाळेच्या मागच्या इमारतीत शिकलो. १९९४ साली अभियंता म्हणून संयुक्त अरब अमिरातीत गेलो आणि २०२४ साली परत आलो. हा देश म्हणजे अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा या सात अमिरातींचा संघ. २ डिसेंबर १९७१ रोजी तो स्थापन झाला. रास अल खैमा काही आठवड्यांनी, १९७२ च्या आरंभी त्यात सामील झाली. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण पाव. पाऊस वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास, कधी तेवढाही नाही. आपला तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. पण आपल्याकडे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण वर्ष बरे गेले म्हणतो. एवढ्यावरून तुम्हांला कल्पना येईल.

आपला आणि त्या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. तेथील मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. जपानने कृत्रिम रीतीने वाढवलेले मोती बाजारात आणले आणि १९३० नंतर तो धंदा बसला. १९६६ सालापर्यंत तेथे आपला रुपयाच चालत असे. आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाही छापल्या होत्या. तेलाची पहिली निर्यात १९६२ साली झाली आणि पुढचे चित्र पालटले. आज तेथे पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांत मराठी माणसे पुष्कळ आहेत. तेथे गणेशोत्सव होतो, हापूस मिळतो, थालीपिठाची भाजणीही मिळते. पण मला आज त्याविषयी बोलायचे नाही. मला तुम्हांला एका नळाविषयी सांगायचे आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, एका हिवाळ्यात माझ्याकडे महिनाभर राहायला आले. नानांचा जन्म शेतात गेलेला. पहिल्याच सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन चव पाहिली आणि मला विचारले, "विहीर कुठंशी आहे रे?"

मी म्हणालो, "विहीर नाही नाना. हे समुद्राचं पाणी आहे."

त्यांना ते पटेना. "समुद्राचं कसं? हे तर गोडं आहे. किती परस खोल आहे ते सांग."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना किनाऱ्यावरून आमच्या प्रकल्पाची धुराडी लांबून दाखवली. आत नेण्याची परवानगी नव्हती. तेथेच वाळूवर बसून मी त्यांना जे समजावले, तेच तुम्हांला सांगतो.

समुद्राच्या पाण्यातून मीठ काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुनी पद्धत वाफेची. तापवलेले समुद्राचे पाणी एकामागून एक अशा कोठ्यांतून नेतात. प्रत्येक पुढच्या कोठीत हवेचा दाब कमी केलेला असतो. दाब कमी झाला की पाणी कमी उष्णतेवरही उकळते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. प्रत्येक कोठीत थोडे पाणी एकदम वाफ होऊन वर जाते, थंड नळ्यांवर थिजते आणि गोडे पाणी म्हणून खाली जमा होते. मीठ मागे राहते. नवी पद्धत पडद्याची. अतिशय सूक्ष्म छिद्रे असलेल्या पडद्यातून प्रचंड दाबाने समुद्राचे पाणी ढकलतात. पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे अडते. या पद्धतीत हजार लिटर गोडे पाणी तयार करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. वाफेच्या पद्धतीत याहून कितीतरी अधिक ऊर्जा जाते.

तीन-चार युनिट हा आकडा लहान वाटतो. म्हणून नानांना मी त्यांच्या भाषेत सांगितले. आपल्या विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप तासभर चालवायला जवळजवळ तेवढीच वीज लागते. विहीर फार खोल नसेल, तर त्या एका तासात तीस-पस्तीस हजार लिटर पाणी वर येते. तेथे तेवढ्याच विजेत फक्त हजार लिटर मिळते, आणि ते नव्या पद्धतीने. नाना बराच वेळ धुराड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे दिवसरात्र बारीच चालू म्हणायची."

आता यातली एक गोम सांगतो. ती पुस्तकांत सहसा सापडत नाही. वाफेच्या पद्धतीचे प्रकल्प वीज-केंद्राला जोडलेले असतात. वायू जाळून वीज तयार करायची आणि उरलेल्या वाफेवर पाणी तयार करायचे, अशी ती जोडी असते. उन्हाळ्यात ही जोडी छान चालते. बाहेर पंचेचाळीस अंशांवर उन्हाचा पारा गेला की घरोघरी वातानुकूलन यंत्रे चालू असतात, वीज भरपूर लागते आणि पाणी जणू वरकडीत मिळते. पण हिवाळ्यात विजेची मागणी निम्म्याच्या आसपास उतरते. पाण्याची मागणी मात्र तेवढी उतरत नाही. आंघोळ, स्वयंपाक, बागा चालूच राहतात. मग केवळ पाण्यासाठी वायू जाळावा लागतो. आम्ही अभियंते तेव्हा गमतीने म्हणायचो की हिवाळ्यात आपण वीज फुकट घालवून पाणी विकतो. आणखी आश्चर्य म्हणजे तेलाच्या या देशाला स्वतःचा वायू पुरत नाही. २००७ सालापासून कतारहून समुद्राखालच्या नळाने तो आणला जातो.

बरे, मीठ काढले ते कोठे गेले? पडद्याच्या पद्धतीत अडीच लिटर समुद्राच्या पाण्यातून साधारण एक लिटर गोडे पाणी मिळते. उरलेले दीड लिटर पाणी मूळ पाण्याच्या दीडपटीहून अधिक खारट होऊन समुद्रात परत जाते. आखात उथळ आहे. त्याची सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास. खुल्या समुद्राशी त्याला जोडणारी होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद आहे. ऊन इतके, की तेथील पाणी मुळातच इतर समुद्रांपेक्षा खारट. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगातील अशा क्षारजलापैकी निम्म्याहून अधिक सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत आणि कतार या चारच देशांत तयार होते. ज्या समुद्रातून पाणी घ्यायचे, तोच समुद्र असा थोडाथोडा अधिक खारट करायचा. पुढे त्याच पाण्यातून मीठ काढायला अधिक वीज लागणार. हा खर्च आजच्या देयकात कोठेही दिसत नाही.

देयक म्हटले म्हणून सांगतो. मी गेलो तेव्हा अबू धाबीत तेथील नागरिकांना पाणी पूर्णपणे मोफत होते. आम्हां परदेशी लोकांना हजार लिटरला सव्वादोन दिरहमहूनही कमी, म्हणजे २.२० दिरहम पडत. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट होता. तो सरकार तेलाच्या पैशातून भागवत असे. यात सरकारचा हेतू चांगलाच होता. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मचूळ पाण्यावर दिवस काढले, त्यांना निदान पाणी तरी सुखाने मिळावे, असे राज्यकर्त्यांना वाटले तर त्यात गैर काय? पण परिणाम काय झाला तो पाहा. दरडोई दररोजचा वापर पाचशे लिटरच्या घरात गेला. जगातल्या सर्वांत कोरड्या देशांपैकी एक देश जगातल्या सर्वाधिक पाणी वापरणाऱ्यांत जाऊन बसला. माझ्या शेजाऱ्यांची मोटार रोज पिण्याच्या पाण्याने धुतली जायची. शेजाऱ्यांना कशाला नावे ठेवू, माझ्याच न्हाणीघरातला नळ तब्बल पाच महिने ठिबकत होता. पाणी तयार करणाऱ्या प्रकल्पात काम करणारा माणूस मी! तो नळ दुरुस्त करणाऱ्याचे पैसे पाण्याच्या देयकापेक्षा जास्त होते, म्हणून मी हिशेबाने विचार करून तो तसाच राहू दिला. माझा हिशेब माझ्यापुरता बरोबर होता, हीच यातली अडचण.

जानेवारी २०१५ मध्ये दर बदलले. परदेशी लोकांचा दर २.२० वरून ५.९५ दिरहम झाला आणि नागरिकांनाही प्रथमच पाण्याचे पैसे लागू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेट्रोलवरची सवलत काढून घेतली गेली. २०१७ साली आमचा दर ७.८४ दिरहम झाला. ठरलेल्या मर्यादेपुढे वापर गेला तर त्याहूनही अधिक. देयकावर हिरवा आणि लाल असे दोन पट्टे दिसू लागले. माझा नळ त्याच महिन्यात दुरुस्त झाला, हे मला कबूल केले पाहिजे.

मित्रांनो, दर वाढवला की सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणत नाही. गरिबाच्या हंड्याला आणि श्रीमंताच्या बागेला एकच दर लावणे न्यायाचे नव्हे. मजुरांच्या वसाहतीत एका खोलीत सहा-आठ जण राहतात. त्यांनी पाणी वाया घालवले असे कोण म्हणेल? परंतु ज्या वस्तूची किंमत कोणालाच दिसत नाही, तिची काळजी कोणीच घेत नाही, हे मी तेथे डोळ्यांनी पाहिले.

पूर्वी तेथेही असे नव्हते. अबू धाबीपासून दीड तासाच्या रस्त्यावर ओमानच्या सीमेलगत अल ऐन नावाचे शहर आहे. तेथील खजुराच्या बागांना 'फलज' नावाच्या पाटांनी पाणी मिळे. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातील पाण्यापर्यंत बोगदा खणायचा आणि केवळ उताराच्या आधारे ते पाणी मैलोगणती दूर बागेत आणायचे, अशी ही युक्ती. त्या भागात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे फलज उत्खननात सापडले आहेत. २०११ साली युनेस्कोने अल ऐनची ही स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद तरुणपणी, १९४६ पासून, याच भागाचा कारभार पाहत. तेव्हा त्यांनी जुने फलज साफ करून घेतले होते.

फलजाच्या पाण्याचे वाटप वेळेवर चाले. दिवसा काठीची सावली मोजून आणि रात्री ताऱ्यांवरून प्रत्येकाची पाळी ठरे. ती पाहणाऱ्या माणसाला 'अरीफ' म्हणत. मी नानांना अल ऐनला नेले, तेव्हा हे सगळे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "हा तर आपला पाटकरी!" खरेच होते ते. आपल्या नाशिक-धुळ्याकडे मोसम आणि पांझरा नद्यांवर तीन-चारशे वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणायचे, शिवाराचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाटकऱ्याने पाणी द्यायचे. अरीफ आणि पाटकरी यांनी एकमेकांचे नावही कधी ऐकले नसेल. पण दोघांनाही ठाऊक होते की पाणी मोजके आहे.

नंतर पंप आला. फलज जमिनीतून जेवढे झिरपेल तेवढेच पाणी देतो. पंप मागाल तेवढे देतो. तेथे सरकारने शेतकऱ्यांना जमिनी दिल्या, विहिरी खणून दिल्या आणि उत्पन्नाची हमीही दिली. अबू धाबीच्या वाळवंटात जनावरांसाठी ऱ्होड्स नावाचे गवत पिकू लागले. हे गवत वर्षभर हिरवे राहते आणि वर्षभर पाणी पिते. भूगर्भातले ते पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात मुरलेले होते. आजच्या पावसाने ते भरून येत नाही. पाणी खाली गेले, मचूळ झाले. तेच मचूळ पाणी जमिनीला दिल्यावर वर क्षारांचा पांढरा थर आला. मग २०१० च्या सुमारास सरकारने या गवतावरचे अनुदान बंद करायला घेतले. एका वृद्ध शेतकऱ्याने मला त्याचे सोडून दिलेले शेत दाखवले होते. तो मुंबईत येऊन गेलेला, हिंदी चांगले बोलायचा. पांढरी माती चिमटीत धरून म्हणाला, "मीठ तर समुद्रात होतं. मी ते इथपर्यंत आणलं." अल ऐनच्या बागांतले फलजही आता पंपाच्या पाण्यावर वाहते ठेवले जातात.

मग हा देश खातो काय? खातो आपल्यासारख्यांचे पिकलेले. त्याच्या अन्नापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी या व्यवहाराकडे एका निराळ्या दृष्टीने पाहिले. ते म्हणाले की, कोरडा देश धान्य विकत घेतो तेव्हा तो खरे तर ते धान्य पिकवायला लागलेले पाणी विकत घेतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या पाण्याला त्यांनी 'आभासी पाणी' असे नाव दिले. या विचाराबद्दल त्यांना २००८ साली स्टॉकहोमचे जल-पारितोषिक मिळाले. किलोभर गव्हाला हजार ते दीड हजार लिटर पाणी लागते. माझ्या घरच्या ७.८४ दिरहम या दराने नुसत्या पाण्याचेच आठ ते बारा दिरहम होतात. गव्हाचे पीठ तेथील दुकानात त्याहून पुष्कळ स्वस्त मिळते. मग गहू तेथे का पिकवावा?

तरीही शारजा अमिरातीने मलीहा येथे २०२२ साली चारशे हेक्टरांवर गहू पेरला आणि २०२३ साली पहिले पीक काढले. आमच्या ओळखीतले काहीजण याला वेडेपणा म्हणत. मला तसे वाटत नाही. त्याच वर्षी युक्रेनचे युद्ध पेटले होते. मे महिन्यात भारताने गव्हाची निर्यात थांबवली होती. २०२३ च्या जुलैत बिगर-बासमती पांढरा तांदूळ थांबला आणि ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा. कांद्याची निर्यात थांबली तेव्हा येथे लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. हे तुमच्या घरी तुम्ही ऐकले असेल. त्याच दिवसांत तिकडे कांदा महागला. दुकानात तुर्कस्तानचा, चीनचा कांदा आला. पण आमच्या घरी म्हणत की त्याला चवच नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या सरकारने अमिरातीसाठी १४,४०० टन कांद्याची खास परवानगी दिली. मे महिन्यात बंदी उठली. ज्याच्या घरात धान्य पिकत नाही, त्याला शेजाऱ्याने दार लावून घेण्याची भीती असते. मलीहाचा गहू हा त्या भीतीवरचा विमा आहे, आणि विम्याचा हप्ता महागच असतो.

विम्यासाठी त्यांनी पाणीही साठवले आहे. लिवा येथील वाळवंटाखाली, समुद्राचे गोडे केलेले दोन कोटी साठ लाख घनमीटर पाणी त्यांनी सत्तावीस महिने मुरवत ठेवले. २०१८ साली हे काम पूर्ण झाले. संकट आले तर दहा लाख लोकांना नव्वद दिवस पुरेल एवढा तो साठा आहे. वर्तमानपत्रात तुम्ही धरणांचे टीएमसीचे आकडे वाचता ना? हा सारा साठा एक टीएमसीही भरत नाही. आणि गंमत पाहा, १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. पंचाहत्तर वर्षांच्या नोंदींत असा पाऊस नव्हता. रस्त्यांवर मोटारी तरंगत होत्या. आकाशातून फुकट आलेले ते पाणी पुढे कित्येक दिवस टँकर लावून उपसावे लागले. मुरायला जागाच ठेवलेली नव्हती.

कचऱ्याविषयी थोडेच सांगतो. रमजानच्या महिन्यात आणि मोठ्या हॉटेलांच्या मेजवान्यांत जे अन्न उरते, ते पाहून आपल्या पंगतीत वाढलेल्या माणसाला कसेतरी होते. किलोभर भात टाकला की त्याबरोबर जहाजाचे तेल, शीतगृहाची वीज आणि कोणाच्या तरी शेतातले कितीतरी पाणी टाकले जाते. सरकारलाही हे कळले आहे. २०१७ साली तेथे अन्नपेढी सुरू झाली आणि २०३० पर्यंत अन्नाची नासाडी निम्म्यावर आणायचे ठरले आहे. उरलेला कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प शारजात २०२२ साली सुरू झाला. त्यानंतर दुबईत वरसान येथे त्याहून खूप मोठा उभा राहिला. हे चांगलेच आहे. पण ओला कचरा नीट जळत नाही. ज्या अन्नाला पाणी घालून वाढवले, त्यातलेच पाणी वाळवायला पुन्हा उष्णता खर्चायची, असा तो उलटा प्रवास आहे.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तर विचारू नका. दुबईच्या पशुवैद्यक प्रयोगशाळेत २००८ पासून तपासलेल्या तीस हजार मृत उंटांपैकी तीनशे उंटांच्या पोटात प्लॅस्टिकचे घट्ट गोळे सापडले. वाऱ्याने झुडपांना अडकलेल्या पिशव्या उंट पाला समजून खातो. पोट भरल्यासारखे वाटते आणि तो उपाशी मरतो. दुकानदार पिशवी फुकट देत असे. तिची किंमत उंटाचा मालक मोजत असे. अबू धाबीने जून २०२२ मध्ये या पिशव्यांवर बंदी आणली. दुबईने जुलै २०२२ पासून पिशवीला पंचवीस फिल्स, म्हणजे पाव दिरहम, आकारला आणि २०२४ च्या आरंभी बंदी घातली. पाव दिरहम ही तेथे काहीच रक्कम नाही. तरी आमच्या इमारतीतले लोक कापडी पिशव्या घेऊन खाली उतरू लागले.

ऊर्जेच्या बाबतीत या देशाने मला चकित केले. स्वैहान येथील वाळवंटात २०१९ साली ११७७ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी २०१६ साली युनिटला अडीच अमेरिकन सेंटहूनही कमी दराची बोली आली, तेव्हा आमच्या कार्यालयात अनेकांना तो छपाईतला दोष वाटला होता. बराका येथील अणुवीज केंद्राच्या चार अणुभट्ट्या २०२० ते २०२४ या काळात चालू झाल्या. त्या देशाची पाव वीज पुरवतात. वीज अशी वायूशिवाय मिळू लागली तशी पाण्याची पद्धतही बदलली. तवीला येथील पडद्यांचा प्रकल्प दिवसाला सुमारे नव्वद कोटी लिटर पाणी देऊ शकतो, आणि हिवाळ्यात त्याच्यासाठी वाफ करत बसावे लागत नाही. माझ्यासारख्या वाफेवर वाढलेल्या अभियंत्याची गरज कमी झाली, ती यामुळेच. अर्थात हाच देश तेलही विकत राहिला आहे. २०२३ साली दुबईत जागतिक हवामान परिषद भरली आणि खनिज इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन सर्व देशांच्या ठरावात आले. हा ठराव तेल विकणाऱ्या देशाच्या घरी झाला. यात ढोंग किती आणि प्रामाणिकपणा किती, हे तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा. मला तेथे दोन्ही दिसले.

आता शेवटची गोष्ट. दुबईत अल अवीर येथे भाजीपाल्याचा मोठा घाऊक बाजार आहे. परत येण्यापूर्वी, कांद्याची बंदी उठल्यावर, मी तेथे गेलो होतो. लाल जाळीच्या गोण्यांची थप्पी लागली होती. एका गोणीवरच्या चिठ्ठीवर आपल्या जिल्ह्याचे नाव होते. मला उगाच भरून आले. गोणी वीस किलोची होती. सवयीने मनात हिशेब सुरू झाला. किलोभर कांद्याला दोन-अडीचशे लिटर पाणी लागते. म्हणजे या गोणीत चार-पाच हजार लिटर पाणी होते. माझ्या घरच्या नळाच्या दराने त्याचे पस्तीसेक दिरहम होतील. दिरहमचे साधारण पंचवीस रुपये धरले, तर पावणेनऊशे रुपये. नुसत्या पाण्याचे!

रात्री मी नानांना दूरध्वनी केला. त्यांनी कपाटातून जुनी हिशेबपट्टी काढली आणि मला वाचून दाखवली. वजन इतके, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी, वजा जाता रक्कम इतकी. वीस किलोमागे दोनशे रुपयेसुद्धा पडले नव्हते.

"पाणी कुठं लिहिलंय का?" मी विचारले.

"पाणी कशाला लिहितील?" नाना म्हणाले. जरा थांबून त्यांनीच विचारले, "मग ते पाणी आपण विकलं म्हणायचं की दिलं?"

माझी तुलना अगदी रास्त नव्हती, हे मी त्यांनाही सांगितले. पावसाचे पाणी कोणी यंत्रात तयार केलेले नसते. जे पावसाने भरून येते ते वापरायला हरकत नाही. पण आमच्या शेतात तेवढ्यावर भागत नव्हते. माझ्या लहानपणी विहीर सात परस होती. मग ती दहा परस झाली. मग शेजारी कूपनलिका आली, दोनशे फूट. ती आटल्यावर दुसरी, चारशे फूट. पंपाची वीज कित्येक वर्षे अश्वशक्तीवर आकारली जायची, मीटर नव्हताच. तास चालवला काय आणि रात्रभर चालवला काय, आकार तोच. नानांची यात चूक होती असे मी मुळीच म्हणणार नाही. कांद्याला भाव मिळेना म्हणून जास्त कांदा, जास्त कांद्याला जास्त पाणी. माझ्या ठिबकणाऱ्या नळासारखाच त्यांचाही हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता.

मी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून एक काम केले. पंपाला पाणी मोजणारा मीटर बसवला. नानांना त्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. दर सोमवारी ते विहिरीच्या पायऱ्यांवरून उतरतात आणि पाणी जेथे असेल तेथे चुन्याची आडवी रेघ ओढतात. शेजारची चार घरेही आता विचारायला येतात, रेघ कुठवर आली म्हणून. गेल्या वर्षी दसऱ्याला रेघ चौथ्या पायरीवर होती. त्या वेळी आम्ही बसून ठरवले की कांदा दोन एकरांऐवजी सव्वा एकर लावायचा आणि उरलेल्यात हरभरा. नानांना ते फारसे आवडले नव्हते. परवाच्या सोमवारी रेघ अकराव्या पायरीवर ओढली. हरभरा निघाला आहे. कांद्याला अजून दोन पाणी द्यायची आहेत, आणि विहिरीला पायऱ्या एकूण एकोणीस आहेत.